घार, साडेतीन मीटरवरून

परवा माझी भाची राहायला आली होती. वय वर्षं सात. आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर घारीचा एक मोठा फोटो लावलेला आहे. नुसता चेहरा. मागे काळाकुट्ट अंधार, डोळ्यात उन्हाचा एक ठिपका, डोक्यावरची पिसं किंचित उभी, चोच अर्धी उघडी. ती सोफ्यावर चढली, फोटोला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, ही कोणावर रागावलीये?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. "अगं, ती रागावलेली नाहीये. शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यावर हाडाची एक कड असते, आपल्या खिडकीवर छज्जा असतो ना तशी. डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून. त्यामुळे ते आपल्याला उगीचच रागावलेले वाटतात." पाहुण्यांना हे सांगितलं की पाहुणे "अच्छा!" म्हणतात, मी मनातल्या मनात कॉलर ताठ करतो आणि चहा येतो.

ही बया "अच्छा" म्हणाली नाही. म्हणाली, "मग तोंड का उघडंय? दमलीये का?"

हा फोटो निदान दोन-तीनशे लोकांनी तरी पाहिला असेल. त्यात पक्षीनिरीक्षक होते, कॅमेरेवाले होते, आमचे तीन मॅनेजर होते. हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिला काहीतरी थातूरमातूर सांगून आइस्क्रीमच्या दुकानात नेलं. पण विषय डोक्यातून जाईना, तेव्हा आज लिहूनच टाकतो.

२००६ च्या सुमारास पुण्यातल्या आयटीवाल्यांना दोन साथी आल्या होत्या. एक शनिवारी पहाटे सिंहगड चढायची आणि दुसरी डीएसएलआर घ्यायची. अस्मादिकांना दोन्ही एकदम झाल्या. ऑनसाईटहून येताना कॅननचा ३५०डी घेऊन आलो. सुरुवातीला सगळे काढतात तेच काढलं: शनिवारवाड्याचा दरवाजा, पावसाचे थेंब, बायको, परत पावसाचे थेंब. मग एकदा हिंजवडीला जाताना कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली. तेव्हा त्या रस्त्याला अजून शेतं शिल्लक होती. समोरच्या तारेवर एक पांढरा-राखाडी पक्षी बसला होता, कावळ्याहून लहान. बॅगेत नवीकोरी दुर्बीण होतीच. लावून पाहिली आणि त्याने माझ्याकडे बघितलं. लालभडक डोळा! माणिक असतं ना, तसा. ती कापशी घार होती हे नंतर कळलं. बसमधले बाकीचे लोक झोपले होते.

त्या दिवसापासून मला शिकारी पक्ष्यांचे चेहरे पाहिजे झाले. उडतानाचे नकोत, झाडावर बसलेले नकोत, चेहरे. पासपोर्ट फोटो म्हणा ना.

आता इंजिनियर माणूस असल्यामुळे मी आधी गणित केलं. २००८ साली कॅननची ४०० एमएम एफ ५.६ लेन्स घेतली. ("तेवढ्यात सोफा आला असता," इति सौ. सोफा पुढे आला, पण त्याला चार वर्षं लागली.) ही लेन्स साडेतीन मीटरच्या आतलं काही फोकस करत नाही. माझ्या कॅमेऱ्यावर साडेतीन मीटरवरून जेमतेम एकोणीस सेंटीमीटर रुंदीचं चित्र मावतं. घारीचं डोकं चोचीसकट धरलं तर निम्मी फ्रेम भरेल. झकास. तोटा एवढाच की त्या अंतरावर स्पष्ट येणारी पट्टी असते फक्त दीडेक सेंटीमीटर जाडीची. डोळा पकडला तर चोचीचं टोक गेलं, चोच पकडली तर डोळा गेला, आणि डोळा गेला की फोटो गेला. हे सगळं वहीत व्यवस्थित मांडलं. म्हणजे मला हवं होतं काय, तर एक मोकळी घार, माझ्यापासून एका मारुती ८०० च्या लांबीएवढ्या अंतरावर, न हलता.

घारींना माझी वही कोणी दाखवली नव्हती.

पुढची तीन वर्षं मी शनिवार-रविवार एकेका शिकारी पक्ष्याकडून अपमान करून घेतला. वेताळ टेकडीवर खाणीच्या कडेला पहाटेपासून दबा धरून बसलो. तिथे शिक्रा यायचा. नर शिक्र्याचा डोळा वयाबरोबर पिवळ्याचा लाल होत जातो, तो लाल मला हवा होता. शिक्रा आला, माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसला, आणि मी मान वर करेपर्यंत गेला. फिरायला आलेल्या एका आजोबांनी मात्र अर्धा तास उभं राहून माझ्या लेन्सची किंमत विचारली. कवडीला गेलो. मुळा-मुठेवर, सोलापूर रस्त्याला, थंडीत तिथे बदकं भरपूर आणि नदीला फेसही भरपूर. दलदलीवरचा भोवत्या पाण्यावरून सारखा घिरट्या घालतो, म्हणून तर त्याचं नाव भोवत्या. तो शंभर फुटांच्या आत आला नाही. दिवे घाटाच्या वरच्या माळांवर गेलो. तिथून पुढे सासवड-जेजुरीकडे खडकांच्या कपारीत शृंगी घुबड राहतं, डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या इला फाउंडेशनने त्यावर बरंच काम केलंय. पुढे २०१८ मध्ये पिंगोरीला घुबडांचा चक्क महोत्सवही भरला. घुबडाचा चेहरा म्हणजे फोटोग्राफरला लॉटरीच. दोन्ही नारिंगी डोळे समोर, माणसासारखे. पण एकाने मला आधीच सांगून ठेवलं होतं की कपारीत अंडी असतील आणि तू जवळ गेलास तर मादी उठेल, ऊन लागून अंडी जातील. मी लांबूनच परत आलो. हे मुद्दाम सांगतोय, कारण तेव्हा मी स्वतःला या बाबतीत फार सज्जन समजत असे.

भिगवणचं थोडं जास्त सांगायला हवं. पुण्यापासून शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचा फुगवटा. पहाटे चारला निघायचं, कुंभारगावला होडीत बसायचं आणि परत येताना चिलापीचं कालवण हाणायचं. (खरं तर अर्धे लोक कालवणासाठीच जातात. मी शपथेवर सांगू शकतो.) तिथे पाण्यात रोवलेल्या खांबांवर ऑस्प्रे बसतो, मासे मारणारा. त्याच्या डोळ्यावर तो हाडाचा छज्जा फारसा नाही, त्यामुळे एवढा खाटीक असूनही चेहरा कसा, तर आत्ताच कोणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखा. होडीवाला म्हणाला, "साहेब, मासा टाकू का? घारी पार डोक्यावर येतील." टाकला. आल्या. पाणी न शिवता नुसत्या पंजाने मासा उचलून, उडता उडताच पायातला मासा चोचीने खात गेल्या. मी शंभरावर फोटो काढले, त्यात एकही चेहरा धड नव्हता, आणि घरी येऊन वाटलं की हे आपण लग्नात वऱ्हाडी जेवताना काढतात तसले फोटो काढलेत. पुन्हा मासा टाकू दिला नाही.

मधल्या काळात ऑनसाईटला इंग्लंडला गेलो, तेव्हा तिथे एक ससाणे पाळणाऱ्यांचं केंद्र पाहिलं. तिकीट काढायचं, हातमोजा घालायचा, की हॅरिस हॉक तुमच्या मनगटावर. तिथे मला जगातल्या क्लोज-अपचं गुपित कळलं. माझ्याबरोबर आठ कॅमेरेवाले होते आणि आठही जण एकच काम करत होते. पक्ष्याच्या पायाला चामड्याच्या वाद्या बांधलेल्या असतात, त्या फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून खालून कापून फक्त मान आणि डोकं घ्यायचं. म्हणजे आपण जालावर बघून हळहळतो ते चेहरे पुष्कळदा पगारी नोकर असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर असे पक्षी पकडून पाळता येत नाहीत, ते बरंच आहे. मीही तिथे फोटो काढले. सुंदर आले. कोणाला दाखवले नाहीत, कारण ते खोटे आहेत असं माझं ठाम मत होतं! २०१० च्या जानेवारीत लंडनच्या त्या प्रसिद्ध वन्यजीव स्पर्धेतल्या पहिल्या बक्षिसाचा फोटो बाद केला, आठवत असेल तुम्हाला. फाटकावरून उडी मारणारा लांडगा. तो पाळीव असावा असं परीक्षकांचं मत झालं. तेव्हा हापिसात चहाच्या टपरीवर मी पंधरा मिनिटं भाषण ठोकलं होतं.

तर आता २०१२. त्या वर्षी संक्रांत १५ जानेवारीला आली, रविवारी. आमचं कोथरूड त्या दिवशी गच्च्यांवर असतं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सोसायटीतली पोरं दार वाजवायला लागली, "काका, वरती चला, तुमचा पक्षी पडलाय!" (सोसायटीत सगळे पक्षी माझे.)

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपाला घार लटकली होती. हिरवट नायलॉनचा मांजा उजव्या पंखात गेलेला, ती फडफडली की तो आणखी आत जात होता. हे कसं हाताळायचं ते वाचून माहीत होतं. अंगावर टॉवेल टाकला, पाय धरले (चोचीपेक्षा पंजांना भ्यायचं असतं), सौ.ने कात्रीने मांजा कापला. हातात आल्यावर पहिला विचार काय आला तर, किती हलकी आहे! एवढा पाच फुटांचा पंखांचा पसारा आणि वजन किलोभरसुद्धा नाही. पंखाच्या पुढच्या कडेला रक्त होतं. मिक्सरचा रिकामा खोका आणला, तिला आत ठेवलं.

यापुढे करायचं काय तेही मला माहीत होतं. खोका बंद करायचा, भोकं पाडायची, अंधार करायचा. पाणी पाजायचं नाही, खायला घालायचं नाही, बघत बसायचं नाही. शिकारी पक्षी डोळ्यांवर जगतो. त्याचा डोळा इतका मोठा असतो की खोबणीत धड फिरतही नाही, म्हणून तो सारखी मान वळवतो. जे दिसतं ते सगळं त्याच्या अंगावर येतं. अंधार केला की तो शांत होतो, ससाणेवाले डोक्यावर टोपी घालतात ती त्यासाठीच. आणि लगेच फोन करायचा.

सौ. म्हणाली, "अरे, फोन केलास का?"

मी म्हणालो, "करतो, एक मिनिट. प्रकाश जातोय."

खाली धावत जाऊन कॅमेरा आणला. तोवर माझ्याकडे ७डी आला होता. चांदणी चौकाच्या बाजूने ऊन आडवं येत होतं, अगदी मधासारखं. घार खोक्यात, डोकं काठाच्या वर. मागे टाकीची सावलीतली भिंत, म्हणजे पार्श्वभूमी आपोआप काळी. मी गच्चीवर पालथा झोपलो, कॅमेरा लावला, तर फोकस होईना. जवळ होतो! आयुष्यात पहिल्यांदा एका शिकारी पक्ष्यापासून मला मागे सरकावं लागलं. सरपटत मागे गेलो, साडेतीन मीटर, आणि तो चेहरा काचेत लख्ख उभा राहिला. ती माझ्याकडे बघत होती. पापणीच्या आतला तो तिसरा पारदर्शक पडदा डोळ्यावरून आडवा सरकून गेला तेही दिसलं.

खोका उघडाच होता. टॉवेल बाजूला होता. चोच उघडी होती, कारण भेदरलेला, दुखावलेला पक्षी चोच उघडून धापा टाकतो. डोक्यावरची पिसं त्याच कारणाने उभी होती. मला हे तेव्हा माहीत होतं. निदान वाचलेलं होतं.

मग फोन केला, जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्रातली माणसं तासाभरात आली, घेऊन गेली. सहाव्या दिवशी मी विचारपूस केली. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पडदा असतो, त्यात एक स्नायुबंध ताणलेला असतो. तो तुटला की पंख उघडत नाही. मांजा नेमका तिथेच कापतो. तिने खाणं सोडलं होतं आणि चौथ्या दिवशी गेली. मी डॉक्टरांना विचारलं, की थोडं आधी मिळाली असती तर? ते म्हणाले, "नाही हो, दहा-पंधरा मिनिटांनी काही झालं नसतं." मी दहा-पंधरा मिनिटं असं काही म्हटलं नव्हतं. तो त्यांनी सहज वापरलेला आकडा होता. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा वाईटही वाटलं.

मार्चमध्ये कंपनीत फोटो स्पर्धा झाली. मी तो फोटो दिला. नाव काय, तर 'घार, पुणे'. पहिला आला. मग एचआरने त्याचं पोस्टर केलं, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं 'फोकस', आणि ते नेमकं लावलं अप्रेझलच्या मीटिंग रूममध्ये. सलग दोन वर्षं मी त्या घारीखाली बसून "यंदा बजेट जरा टाइट आहे" हे वाक्य ऐकलंय. लोक म्हणायचे, काय जरब आहे! काय आत्मविश्वास आहे! एकाने विचारलं, "एवढा जवळून कसा मिळाला?" मी म्हणालो, "पेशन्स." आता बोला!

भाची गेल्यावर रात्री मी जुनी हार्ड डिस्क काढली. माझी समजूत अशी होती की मी तेव्हा दोन-तीन मिनिटं फोटो काढले असतील, फार तर पाच. सौ.च्या मते "बराच वेळ". डिजिटल फोटोचं हे एक वाईट असतं, फाईलमध्ये वेळ सेकंदासकट लिहिलेली असते. पहिला फोटो १७:४१:०८. शेवटचा १७:५२:३७. एकूण त्र्याहत्तर. गाजला तो एकोणसत्तरावा आहे. म्हणजे अडुसष्ट फोटो मी कशाची तरी वाट बघत होतो. ओळीने बघत गेलो तर कळलं कशाची. पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत चोच मिटलेली आहे. मग ती थोडी उघडते. मग जास्त. तो एकोणसत्तरावा फोटो मी मोठा करत करत डोळ्यापर्यंत नेला. त्यातल्या उन्हाच्या ठिपक्याखाली एक काळा डाग आहे, तेरा-चौदा पिक्सेलचा. तो मी आहे, पालथा पडलेला.

त्यानंतर बरंच काही बदललं. २०१७ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. २०१८ मध्ये पुणे-पिंपरी भागात दुचाकीवरून जाणाऱ्या दोन स्त्रिया मांजाने गळा कापून गेल्या, तेव्हा काही दिवस दुकानांवर छापे पडले. मांजा अजून मिळतो, कुठे ते आमच्या सोसायटीतल्या पोरांना विचारा. जखमी प्राणी-पक्षी दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, आणि बावधनला वन्यजीवांसाठी उपचार केंद्रही झालंय. आता घार पडली तर खोका बंद करायला आणि फोन लावायला मिळून दोन मिनिटं पुरतात. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, त्यानंतर दोनदा आलाय. दोन्ही वेळा कॅमेरा खाली घरात होता. मी तो आणला नाही, पण आणायची इच्छा झाली नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

दिल्लीतल्या दोन भावांवर शौनक सेन यांनी २०२२ मध्ये 'ऑल दॅट ब्रीद्स' नावाचा माहितीपट केला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला तो. घराच्या तळघरात हे दोघे वर्षानुवर्षं जखमी घारींवर उपचार करतात. तो बघताना मला सारखं एकच दिसत होतं. त्यांच्या हातातल्या बहुतेक सगळ्या घारींची चोच उघडी आहे. सौ. शेजारीच बसली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही.

आता नवीन कॅमेरा आहे, त्याला पक्ष्याचा डोळा आपोआप सापडतो. ते तंत्र २०२० च्या सुमारास आलं आणि माझ्या वहीतलं सगळं गणित रद्दीत गेलं. मोकळ्या घारीचा चेहरा मात्र अजून मिळालेला नाही. समोरच्या नारळावर एक जोडी बसते, पंचवीस-तीस मीटर असेल. फ्रेममध्ये घार अख्खी येते, झावळ्यांसकट. चोच मिटलेली असते. त्या फोटोंत घार कंटाळलेली दिसते, दुपारच्या बँकेतल्या कॅशियरसारखी.

भिंतीवरचा फोटो काढून टाकावा असं एकदा वाटलं, मग वाटलं, काढला की विषय संपला, तेवढीच सोय. म्हणून काल कागदाची एक पट्टी छापून फ्रेमच्या खाली चिकटवली: 'घार. मांजाने पंख कापलेली. कोथरूड, १५ जानेवारी २०१२. चौथ्या दिवशी गेली.' सौ.ने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "अकरा मिनिटं लिहायची राहिली."

पट्टीवर जागा उरलेली नाही. सोमवारी हापिसातून दुसरी छापून आणतो.